शाफ्टवरचा खडूचा एक

३ मार्च
आजपासून वर्कशॉपचं प्लॅनिंग माझ्याकडे. अण्णा प्लॅनर वारल्यापासून खुर्ची रिकामीच होती. त्यांची पद्धत म्हणजे सगळा आनंदच. कोणाची नड जास्त ते बघायचं आणि सरळ जॉबवरच खडूने नंबर टाकायचा. मी रीतसर ट्रेनिंग घेतलंय. नियम एकच: छोटा जॉब आधी. कामं पटापट बाहेर, गिऱ्हाईक खूश, मालक खूश.

ताईचा फोन. टेकडीवर त्यांच्या वस्तीचा पाण्याचा पंप बंद आहे आणि त्याचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, दुरुस्तीला आमच्याकडेच आलाय. गुडघे दुखतात, तरी बिचारी खालून पाणी वाहते. तिला म्हटलं, प्लॅनिंगला आता तुझा भाऊ बसलाय, तू निश्चिंत राहा.

६ मार्च
पिना, बुश, बोल्ट, सगळं धडाधड बाहेर! चार्टवर हिरवंच हिरवं. शाफ्ट लावला की मोठी लेथ दोन दिवस अडकते, म्हणून तो शेवटी. बहिणीसाठी नियम मोडला तर लोक तोंडात शेण घालतील. उद्या लागेलच.

९ मार्च, दुपारी
शाफ्टवर खडूने १ लिहिलेला. हुबेहूब अण्णांचं वळण. लेथवरच्या टर्नरला झापलं. तो शांतपणे म्हणाला, साहेब, अण्णांचा जीव अडकला असेल त्यात. अंगावर काटा आला. ओल्या फडक्याने पुसला. माझा भुताखेतांवर विश्वास नाही.

१० मार्च
परत १. पुसला. छोटे जॉब आले, साहजिकच पुढे गेले. मालकांनी चार्ट भिंतीवर लावला. शाबासकी.

१३ मार्च
जेवणाच्या सुट्टीत ड्रिल मशीनमागे दबा धरून बसलो. चिटपाखरू फिरकलं नाही. मध्ये माझा डोळा लागला असेल, नसेल. उठून बघतो तर १! शाफ्टवर ताडपत्री टाकली. आता तर झाकलेलं मढंच वाटतं. तिकडे पाठ करून बसतो, तरी मानेवर कोणाची तरी नजर जाणवते.

ताईचा फोन आता रोजच येतो. तिला सांगितलं, जॉब मशीनवर चढलाय.

१५ मार्च
बायको विचारते, शर्टाच्या खिशात रोज खडूची भुकटी कशी? अरे देवा! अण्णांची मजल माझ्या खिशापर्यंत गेली! निर्धार: उद्यापासून बिनखिशाचा शर्ट.

१८ मार्च
ताई पाणी आणताना पायरीवरून घसरली. मनगट मोडलं. ठरलं. नियम गेला खड्ड्यात, उद्या पहिला शाफ्ट.

१९ मार्च
सकाळीच एक बुश आला. दहा मिनिटांचं काम. त्याच्यामागून दुसरा. तेवढे होऊ देत म्हटलं. ताईला सांगितलं, फायनल फिनिशिंग चाललंय. फोन ठेवताना हात गार पडले होते. हवा बदललीय.

२२ मार्च
ताडपत्री जमिनीवर सपाट. शाफ्ट गायब! मी ओरडलोच. टर्नर म्हणाला, भूतबित काही नाही साहेब, टेकडीवरची माणसं टेम्पो घेऊन आली होती. मालकांशी कडाकडा भांडली आणि शाफ्ट दुसऱ्या वर्कशॉपला घेऊन गेली.

मालकांनी चार्ट उतरवला. मला तूर्त स्टोअरमध्ये बसायला सांगितलंय. तसं तेही जबाबदारीचंच काम आहे.

२६ मार्च
ताईचा फोन. नळाला पाणी आलं. पटकन म्हणून गेलो, बघ, शब्द दिला होता की नाही तुला? ती जराशी हसली. म्हणाली, अरे, टर्नरची बायको माझी शेजारीण आहे. शाफ्ट कुठे पडलाय ते रोज कळायचं मला.

विचारलं, मग रोज फोन कशाला करायचीस?

म्हणाली, वाटायचं, आज तरी खरं सांगशील.

मी ऐकू येत नसल्यासारखा हॅलो, हॅलो करत राहिलो.