वगळण्याची व्याख्या

२२ ऑक्टोबर १९९४, शिरपूर

एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पण जागा बघून शीण गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं वेध केंद्र, भोवती कपाशी. इथला कॅमेरा आभाळ टिपतो आणि दूरदूरची यंत्रं टेलिफोनच्या तारेवरून त्याला तारे विचारतात. कोणत्या शब्दाचा अर्थ काय, कोणत्या आज्ञेवर यंत्रानं काय करायचं, हे मी ठरवायचं. आमचे साहेब रुपचंदभाऊ म्हणाले, बारशाला आत्या आली एकदाची! स्वयंपाकाच्या बेबाबाईंनी कळण्याची भाकरी अन् भरीत वाढलं. त्या डोंगरातल्या चिंचपाड्याच्या. त्यांचा भाऊ भिकन तिथल्या देवळात रोज दिवा लावतो, याचं कौतुक जेवण संपेपर्यंत चाललं. खोली मिळाली की लताला आणि तान्ह्या लेकीला मेहरूणहून घेऊन येईन. लेकीशिवाय करमत नाही.

२५ ऑक्टोबर

'तारा' म्हणजे काय? रुपचंदभाऊ म्हणाले, ज्याला स्वतःचा उजेड आहे तो. मी हटून बसलो, मग ग्रहांनी कुठे जायचं? शेवटी माझंच खरं केलं: जिला जागा आहे आणि जी उजळ दिसते, अशी कोणतीही वस्तू. मग 'वगळणे': ताऱ्यांच्या जुन्या यादीत नसलेली वस्तू कायमची काढावी, मागमूस ठेवू नये. यंत्र हे रोज दिवेलागणीला आपोआप करील. व्याख्या सगळ्या केंद्रांना गेली. स्वतःवरच खूश आहे.

२७ ऑक्टोबर

आज पहिली वस्तू वगळली गेली. क्षितिजालगतचा तो ठिपका तारा नव्हताच, चिंचपाड्याच्या देवळातला दिवा होता! आम्ही पोट धरून हसलो. जेवताना बेबाबाईंना गंमत सांगितली. त्या म्हणाल्या, "कोनतं गाव, दादा? मी ते आठेनीच शे." म्हणजे त्या इथल्याच. भिकन कोण, तेही ठाऊक नाही म्हणाल्या. मला वाटलं चेष्टा.

२८ ऑक्टोबर

जीपनं जाऊन आलो. नुसता साग. चूल नाही, पायवाट नाही. कालच हसलेले रुपचंदभाऊ विचारतात, इथे कशाला आणलंत? मलाही चिंचपाडा आठवत नाही. कालचं पान वाचून फक्त लिहिलेलं खरं मानलं. फार भीती वाटते.

२९ ऑक्टोबर

व्याख्या बदला म्हणून भाऊंच्या हातापाया पडलो. ती आता सर्व केंद्रांची झाली, एकट्याला बदलता येत नाही. इथलं यंत्र बंद केलं. बाकीची चालूच. आणि आज मेहरूणच्या तलावाकाठी नवा कॅमेरा जोडला— आमच्या घरासमोर—

३० ऑक्टोबर

लताला फोन लागला. लेकीची पहिली दिवाळी म्हणून गच्चीत आकाशकंदील लावतेय म्हणाली. ओरडलो, लावू नको, काहीच पेटवू नको— लाइन तुटली. नंबर फिरवतोय— दिवेलागण झाली— ऑपरेटर म्हणतो असा नंबरच नाही—

३१ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. लता. लेक. पण मी तर एकटा— माझं लग्नच—

मग सकाळपासून रडू का— लेकीचं नाव एकदाही लिहिलं नाही मी— काय होतं— का नाही लि