जिप्सीचे पिस्टन कुणी निवडावेत

मी, भीमराज तुळशीराम नगराळे, वय एकसष्ट, धंदा इंजिनकाम, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही, हे डॉक्टरांनीही मान्य केलं आहे. कुणी दडपण आणलेलं नाही. उलट माझी पत्नी नलू सकाळपासून म्हणते आहे, "अजी, कायले अभद्र लिहून राह्यले? आधी जेवून घ्या." तरीही लिहीत आहे. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर नलूच्या नावे. तिच्या हयातीत ते कुणी विकू नये. घरातली भांडी अर्थातच तिची. मात्र स्टीलचा तीन पुडांचा डबा मोडीत द्यावा, ही माझी इच्छा आहे. घनश्याम ठाकरे (हा कोण ते कलम ३ मध्ये) याची बायको आजारी असताना नलूने त्या डब्यातून त्याच्या घरी जेवण पाठवलं होतं. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्याने त्यात तिळाचे लाडू भरून पाठवले. आमच्या घरात त्या लाडवांचं कौतुक महिनाभर चाललं. मी एकही खाल्ला नाही.

कलम २. केळापूरचं शेत मुलगा राजदीप याला. यंदा त्यातली कपाशी बोंडअळीने खाल्ली, पण त्यात जमिनीचा दोष नाही. राजदीप नागपूरला विमा कंपनीत आहे आणि त्याला वखर कुठल्या बाजूने धरतात हेही सांगता येणार नाही. तरी शेत विकण्याआधी त्याने एकदा तरी बांधावर उभं राहून बघावं.

कलम ३. आता गॅरेज, आणि गॅरेजमधली जिप्सी. हे कलम लांबेल, कारण भांडण इथेच आहे.

घनश्याम कोण ते आधी सांगतो. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे काम शिकलो. उस्ताद लालसिंग राठोड हे या भागातले सगळ्यात मोठे इंजिनवाले. मी त्यांच्याकडे घनश्यामच्या आधी लागलो. त्यांचे पाय मी चेपले, त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. पण मरताना त्यांनी आपला मायक्रोमीटर, म्हणजे ज्याने ते पिस्टन केसाहूनही बारीक मापाने मोजत ते अवजार, घनश्यामच्या हातात दिला. मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाणी मागितलं. त्या दिवसापासून मला त्या माणसाचं तोंड पाहवत नाही, आणि नेमकं तेच मला रोज पाहावं लागतं, कारण त्याने आपलं गॅरेज माझ्या गॅरेजच्या समोर टाकलं. काचेच्या दाराचं.

बैलांच्या शंकरपटावर, म्हणजे शर्यतींवर, बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे त्याच पटावर जिप्स्या पळतात. दोन दोन, शेजारशेजारच्या पट्ट्यांत, बैलजोड्या पळायच्या तशाच. कापसाचं वर्ष बुडालं की लोक ट्रॅक्टर दुरुस्त करत नाहीत, ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. अशा वर्षी पटावर ज्याची गाडी जिंकली, त्याच्याच दारात उरलंसुरलं गिऱ्हाईक येतं. गेली तीन वर्षं कापसाने सगळ्यांनाच रडवलं आणि तिन्ही वर्षं घनश्यामची गाडी जिंकली.

त्यातल्या पहिल्या वर्षाचं सांगतो, कारण लोक ते अजून विसरत नाहीत. पौषातली थंड सकाळ होती. घनश्यामने गाडी सुरू केली आणि आतून खडखड ऐकू आली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "याचं इंजिन बसलं. पिस्टन हालून राह्यला." लोक हसले, मलाही बरं वाटलं. थोड्या वेळाने इंजिन तापलं, आवाज गेला आणि ती गाडी माझ्या पुढून अशी गेली की मला नुसता धुरळा दिसला. त्याने घडीव पिस्टन टाकले होते. ओतीव पिस्टन साच्यात रस ओतून होतो. घडीव पिस्टन धातू दाबून, ठोकून घडवतात. तो तापला की जास्त फुगतो, म्हणून थंडीत सैल ठेवावा लागतो आणि गरम होईपर्यंत वाजतो. आमच्या भागात तोवर कुणी तो पाहिला नव्हता. आजही बाजारात कुणीतरी विचारतंच, "काय भीमराजभाऊ, बसलं का इंजिन?" मी आजही म्हणतो, आवाज वाईटच होता.

माझी जिप्सी वनखात्याच्या लिलावातली. तिला टर्बो मी स्वतः बसवला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, त्याने ताकद वाढते आणि उष्णताही वाढते. यंदाच्या पटावर अर्ध्यातच तिने निळा धूर सोडला. उघडली तर दुसऱ्या नंबरच्या पिस्टनची, दोन रिंगांच्या मधली कड फुटलेली. ओतीव पिस्टन तो दाब सोसत नाही, हे मला मान्य करावं लागलं. घडीव टाकायचे, इथवर माझं आणि मुलगी दीपमाला हिचं एकमत आहे. गॅरेज आज तीच चालवते आणि चांगलं चालवते, हे इथे नमूद करतो, कारण तोंडाने मी तिला ते सांगितलेलं नाही.

मतभेद पुढे आहे. घडीव पिस्टन दोन जातींचे मिळतात. एकात सिलिकॉन जास्त असतं. तो कमी फुगतो, म्हणून घट्ट बसवता येतो आणि गुपचूप चालतो. पण मार फार पडला तर तडकू शकतो. दुसऱ्यात सिलिकॉन नावालाच. तो थंडीत खडखडतो, पण कितीही दाब द्या, खातो. मी पहिला निवडला. दीपमाला दुसरा म्हणते.

"बाबा, तुम्ही पिस्टन आवाजासाठी घेता का दाबासाठी?" तिने विचारलं.

"तुले हे कोनं शिकवलं?"

"घनश्यामकाकानं."

"मंग जेवाले बी त्याच्याचकडे जाय."

ती गेली नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं म्हणणं सरळ आहे. माझ्या गॅरेजमधून तो खडखडाट ऐकू आला की सगळं पांढरकवडा म्हणेल, भीमराजने शेवटी घनश्यामचीच नक्कल केली. ते ऐकण्यापेक्षा मी शर्यत हरेन. आणि माझी मुलगी त्याला काका म्हणते, हेही मला झोंबतं. त्याचं ती मान डोलावत ऐकते, माझं तिने कधी तसं ऐकलेलं नाही.

म्हणून अट अशी. गॅरेज, अवजारं आणि जिप्सी दीपमालाला मिळावी, पण जिप्सीत माझ्या पसंतीचे, न वाजणारेच पिस्टन पडले पाहिजेत आणि घनश्यामचा हात त्या इंजिनाला लागता कामा नये. अट मोडली तर गॅरेज राजदीपला जावं. तो ते मोबाईलच्या दुकानाला भाड्याने देईल, हे मला ठाऊक आहे. तरी जावं.

कलम ४. वकीलसाहेबांनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न मिळालेलं बरं, नाहीतर पुढे भानगड होते. ऐकून मला फार आनंद झाला. म्हणून पहिला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम घनश्यामलाच बोलावलं आहे, म्हणजे माझ्याकडचं काही त्याच्याकडे जाण्याची वाटच बंद. दुसरे साक्षीदार उस्तादांचे चिरंजीव उत्तमसिंग. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, हेही मी विचारून घेतलं आहे.

कलम ५. हे कलम सही करण्याआधी वाढवलं आहे.

घनश्याम आला. निरोप मिळाल्या मिळाल्या आला, हेही मला आवडलं नाही. थोडा उशीर केला असता तर बोलायला जागा होती. बसण्याआधी त्याने खिशातून लाकडी डबी काढून माझ्या खाटेवर ठेवली. आत उस्तादांचा मायक्रोमीटर.

"दीपमालाले लागन," तो म्हणाला. "पिस्टन हातात आल्याबिगर बोअर कापू नको म्हनलं तिले. आधी पिस्टन मोजाव, मंग त्याच्या मापानं ब्लॉकचं भोक कापाव. तुह्याकडचा मायक्रोमीटर झिजला हाय."

उदारपणातही हाच पुढे. मला इतका राग आला की जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते तोंडातून गेलं. "उस्तादानं हा तुलेच काहून देला?"

त्याने डबीचं झाकण लावलं.

"म्हनले, भीमराजले कान हाय, त्याले इंजिन ऐकूनच समजते. तुले नाही समजत, तुले माप लागन. म्हून हा तू ठेव."

"मंग इतके वर्ष सांगतलं काहून नाही?"

"कायले सांगू? मरता मरता उस्ताद मले म्हनते तुले कान नाही, अन् हे मीच तुले येऊन सांगू? मले काय कमी झोंबलं ते? तुह्या दुकानासमोर गॅरेज टाकलं ते कायले? गिऱ्हाईकाच्या गाडीचा आवाज ऐकून तू काय बोलतं, ते ऐकाले भेटाव म्हून."

शेजारी बसलेले उत्तमसिंग म्हणाले, असंच झालं होतं, मी पाणी आणायला गेलो तेव्हा ते तिथे होते. तरी घनश्याम खोटं बोलत असण्याची शक्यता मी सोडलेली नाही.

सबब, कलम ३ मधली अट मी रद्द करतो. गॅरेज, अवजारं आणि जिप्सी दीपमालाची, विनाअट. पिस्टन तिने निवडावेत. वाजणारे निवडले तर ते सोनाराच्या काट्यावर तोलून चारही सारख्या वजनाचे करून घ्यावेत आणि याच मायक्रोमीटरने मोजावेत. काम झाल्यावर मायक्रोमीटर घनश्यामला परत करावा. तो माझा नाही, हे मला आता चालेल. परत करताना डबीत काहीही भरून पाठवू नये.

इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा ते वाजेल. घाबरून बंद करू नये, तापू द्यावं. मी नागपूरहून परत आलो तर दारात खुर्ची टाकून ऐकेन आणि काय कमीजास्त आहे ते सांगेन. नाही आलो तर खुर्ची रिकामी ठेवावी. माझ्या जागी घनश्यामला ऐकायला बसवू नये. त्याला कान नाही.

कलम ६. उस्तादांचं ते वाक्य मी कुणाच्याही नावे करत नाही. ते सोबत नेत आहे.

सही: भीमराज तुळशीराम नगराळे

वरील सही भीमराज यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: घनश्याम वामनराव ठाकरे, पांढरकवडा. (मजकूर वाचलेला नाही. वाचू दिला नाही.)

साक्षीदार २: उत्तमसिंग लालसिंग राठोड, महागाव.

ठिकाण: पांढरकवडा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१८