वसंतात पिंजरे रिकामे राहतील

मी, योरुन हेलेवीक, कै. इंगोल्फ हेलेवीक यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सॅमन माशांचे पालन, राहणार नेसवीक, स्तिल्ला खाडी, पश्चिम नॉर्वे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावला की नजरही शाबूत आहे, आणि माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे पुष्कळ होऊन गेले. ते दमले, मी दमले नाही. पुढच्या आठवड्यात बर्गनला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण दोर तपासायचे ते वारा पडलेला असतानाच, ही या धंद्यातली पहिली शिकवण, म्हणून आजच लिहिते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर, त्यामागची जमीन आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता एक मुलगा शेतिल, राहणार बर्गन, याला मिळावी. कायद्याने मुलाचा जो वाटा असतो त्याहून हे जास्तच आहे, त्यामुळे त्याने तोंड वाकडे करू नये. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करून घेऊ नये. पाहुणे म्हणतात, केवढा सुंदर देखावा आणि केवढीशी खिडकी! पाहुणे उन्हाळ्यात येतात. जानेवारीत पश्चिमेचा वारा त्याच खिडकीवर धडका देतो, हे त्यांना कोण सांगणार?

कलम २. माझी लहान बोट, चामडी म्यानातली सुरी, जाळी सांधायच्या सुया आणि तळाची माती उपसायचा लोखंडी पंजा हे सर्व सिन्नोवे मायलान हिला द्यावे. सिन्नोवे माझ्या खाडीतल्या जाळीच्या पिंजऱ्यांवरची मुकादम. तिला हाताखाली घेतले तेव्हा ती पंजा वर आला की नाक धरायची. मी तिला म्हटले, "नाक सोड. पगार नाकाचाच आहे." पिंजऱ्याखाली खाद्य आणि विष्ठा साचली की तळाची माती काळी पडते आणि सडक्या अंड्यांसारखा वास मारते. सरकारी तपासणी वेळच्या वेळी होतेच, पण तोवर कशाला थांबायचे? आज आमच्या पिंजऱ्यांखालची माती करडी आहे, तिच्यात किडे वळवळतात आणि तिला समुद्राशिवाय दुसरा वास नाही. किडे पाहून इतका आनंद होणारी बाई या किनाऱ्यावर दुसरी नसेल. माझे नाक कुणाला लिहून देता येत नाही, पण सिन्नोवेचे आता माझ्याइतकेच तयार झाले आहे.

कलम ३. शेजारचे मत्स्यपालक ओडवार नेस यांना एक रिकामी बादली द्यावी. चांगली, नवी, दांडीवाली. कारण सांगणे मृत्युपत्रात आवश्यक नसते, तरी सांगते.

मी वसंतात पिंजरे रिकामे ठेवणार असे जाहीर केले, त्या वर्षी ग्रामसभागृहात बैठक भरली होती. ओडवार उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "योरुनबाईंनी रिकाम्या पाण्याची शेती मांडली आहे. त्या पिंजऱ्यांतून काढणार काय, हवा?"

लोक हसले. मी बसल्या जागेवरून म्हटले, "हो ना. तुमच्यापासून सुरुवात करते."

मग तो उष्ण उन्हाळा आला. पाणी तापले आणि खाडीभर माशांवर उवा, म्हणजे कातडीला चिकटून मासा कुरतडणारे बारीक किडे, पडल्या. ओडवारांचे मासे उवा काढण्यासाठी कोमट पाण्यातून काढले, तसे निम्मे पोट वर करून तरंगू लागले. मेलेले मासे नेणाऱ्या होड्या माझ्या खिडकीखालून जात होत्या. माझ्या पिंजऱ्यांत तेव्हा नुकतेच सोडलेले नवे मासे होते. वसंतभर पाण्यात बिऱ्हाड करायला मासाच नव्हता, त्यामुळे उवांचा वंश तिथेच खुंटला होता. सरकारने खाडीतल्या सगळ्यांना मासे कमी करायला लावले, मला मात्र वाढवायची परवानगी दिली. त्या शरद ऋतूत ओडवार टोपी हातात घेऊन माझ्या दारी आले.

"योरुन, ते तुझं वेळापत्रक... जरा समजावून सांगतेस?"

"बसा. कॉफी घ्या. रिकाम्या कपात देऊ की भरलेल्या?"

मी सगळे समजावून सांगितले, काही राखून ठेवले नाही. आज त्यांचे पिंजरेही वसंतात रिकामे असतात. बादली राग म्हणून देत नाही. ती त्यांनी ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी टांगावी, एवढीच इच्छा आहे.

कलम ४. हे मुख्य कलम. पिंजरे, जमिनीवरच्या टाक्या, परवाना आणि माझ्या कंपनीचे सर्व समभाग, फक्त एक सोडून, शेतिलला मिळावेत. तो एक समभाग कुणाचा ते पुढच्या कलमात येईल. त्याला नियमावलीने वेगळा अधिकार दिलेला आहे: एप्रिलपासून जुलै लागेपर्यंत पिंजऱ्यांत एकही मासा ठेवायचा असेल, किंवा पिंजरे नदीच्या मुखाशी परत न्यायचे असतील, तर त्या समभागाच्या धन्याची लेखी संमती लागेल. बाकीचे समभाग कुणीही विकत घेतले तरी ही अट सुटणार नाही.

कारण असे. स्तिल्ला नदीतली रानटी सॅमनची पिल्ले वसंतात समुद्राकडे निघतात. बोटाएवढी असतात. वाटेत पिंजरे लागले तर पिंजऱ्यातल्या माशांच्या उवा त्यांना धरतात. मोठ्या माशाला पाचदहा उवांनी फारसे काही होत नाही, पण बोटाएवढे पिल्लू त्यात मरते. इंगोल्फने आणि मी पहिले पिंजरे नदीच्या मुखाशीच टाकले होते, कारण तेव्हा सगळे तिथेच टाकत. इंगोल्फ गेल्यावर मी ते खाडीच्या बाहेरच्या अंगाला हलवले. जमिनीवर मोठ्या टाक्या बांधल्या. आता पाळायची पिल्ले तिथे अंगापिंडाने चांगली भरेपर्यंत वाढवायची, रानटी पिल्ले निघून गेली की जुलैत समुद्रात सोडायची आणि पुढच्या वसंताच्या आत काढून बाजारात न्यायची. वीज जास्त लागते, मेहनत जास्त लागते. शेतिलचा जीव वरखाली व्हायचा.

"आई, वसंतभर पिंजरे रिकामे म्हणजे वसंतभर दुकानाला कुलूप."

"कुलूप नाही रे. शेत पडीक ठेवतात तसं."

"पडीक शेतावर कुणी श्रीमंत झालेला पाहिलायस?"

"तू पाहशील," मी म्हटले. आणि त्याने पाहिले. तो कबूलही करतो, माझाच मुलगा आहे. पण गेल्या नाताळात तो म्हणाला, "तू आहेस तोवर ठीक. दक्षिणेकडची ती मोठी कंपनी दर महिन्याला फोन करते. त्यांना बारा महिने पिंजरे भरलेले हवेत. तू गेल्यावर मी नाही म्हणत राहीन, असं मला छातीठोक सांगता येत नाही."

खरे बोलला म्हणून मला त्याचा राग आला नाही. कुणाच्या छातीच्या भरवशावर नदी सोडायची नसते, म्हणून हे कलम आहे.

कलम ५. तो एक समभाग माझा थोरला भाऊ हालवार त्व्हेरोस, राहणार स्तिल्ला नदीकाठ, याला द्यावा.

गावात हे वाचून चहाकॉफीचे कप हातातून पडतील, याची मला कल्पना आहे आणि त्याची मजाही वाटते आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. हालवारने नदीकाठी राहून सख्ख्या बहिणीशी केले. नदीचा काठ वडिलांकडून त्याला मिळाला. आमचे पिंजरे आले आणि नदीतले मासे घटले. त्याने माझ्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले, सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रात लिहिले. आमची बोटींची वखर एकच होती, तिच्या मधोमध त्याने फळ्या ठोकल्या. शेवटी नदीतली मासेमारीच बंद झाली. तो पलीकडच्या बाजूला गळाच्या काठ्या पुसून ठेवायचा, मी अलीकडच्या बाजूला दोर गुंडाळायची, आणि दोघे खोकत असू. तेवढेच आमचे बोलणे.

पिंजरे हलवले तेव्हा तो लोकांना म्हणाला, "बघाल, यातही तिचा डाव असेल." डाव होताच. धबधब्याजवळच्या मासे मोजायच्या कॅमेऱ्यात, समुद्रात मोठे होऊन नदीत परत चढणारे मासे दिसू लागले. आधी थोडे, मग दरवर्षी जास्त. मग एका जूनमध्ये नदी मासेमारीसाठी पुन्हा उघडली. त्याच दिवशी सकाळी माझ्या दारात हालवार उभा. मांडीपर्यंत ओला, हातात मासा.

"ओळख," तो म्हणाला.

मी माशाचे कल्ले पाहिले, शेपटी पसरून पाहिली. पिंजऱ्यातल्या माशाचे पर घासून बोथट होतात. याचे पर धारदार होते, अंगावर समुद्राची चांदी होती.

"नदीचा आहे."

"तुझ्यातला नाही ना?"

"डोळे फुटले का तुझे? माझ्यातल्याला एवढा माज असतो का?"

तो हसला. तो हसतो कसा ते मी विसरलेच होते. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

"मग पातेलं ठेव," तो म्हणाला. "पहिला मासा आहे. एकट्याने खाल्ला तर घशात अडकेल."

म्हणून राखणदार तोच. माझ्या बाजूचा माणूस कधीतरी मऊ पडेल. माझ्यावर इतकी वर्षे डोळा ठेवलेला माणूस पडणार नाही.

कलम ६. माझे अंत्यसंस्कार नेसवीकच्या चर्चमध्ये व्हावेत. रडारड नको, भाषणे त्याहून नकोत. नंतरच्या जेवणाला माझ्याच पिंजऱ्यातला मासा असावा, उकडून, बटाटे आणि काकडीच्या कोशिंबिरीसह. कुणी "पाळलेला मासा आम्ही खात नाही" म्हणाले, तर त्याला नुसते बटाटे वाढावेत.

कलम ७. आजच, सह्या होण्यापूर्वी जोडले.

कलम ५ रद्द केले आहे. कारण लिहिते.

सह्यांसाठी वकीलबाई हिल्डुर स्टोके आणि दुसरे साक्षीदार म्हणून चर्चचे सेवक माझ्या स्वयंपाकघरात बसले होते. हालवारला मी कलम ५ वाचून दाखवायला बोलावले होते. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग सेवकांना म्हणाला, "तुम्ही कॉफी संपवा. सही मी करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. साक्षीदाराला या कागदातून काही मिळू शकत नाही. सही केलीत तर समभाग गेला."

"कळतंय मला. म्हणूनच करतो."

मी चिडले. "हालवार, आयुष्यभर तुला हवं होतं ते ताटात वाढून देतेय, आणि तू ताटच लोटतोस?"

"अगं, जरा डोकं लाव," तो म्हणाला. "उद्या ती कंपनी कोर्टात जाईल. म्हणेल, म्हातारी आजारी होती, भावाने भरीला घातलं, लिहून घेतलं आणि समभाग खिशात टाकला. मला एक कवडी न मिळता खाली माझं नाव असलं, तर कुणाचं तोंड उघडेल? माझ्याइतका तुझा विरोधक जिल्ह्यात नाही, हे कोर्टालाही माहीत आहे."

"मग राखण कोण करणार?"

"मी पंचाहत्तरीचा. मी किती वर्षं राखणार? शाळेला दे. पोरं दर मे महिन्यात पिल्लं मोजायला नदीवर येतातच. शाळा काही मरत नाही."

 एवढी वर्षे या माणसाला मी हट्टी समजत होते. हट्टी तो आहेच, पण हुशारही आहे, आणि ते मला आज कळले याची लाज न वाटता फक्त आनंद वाटला. वकीलबाईंनी कायदा तपासून होकार दिला.

तरी, कलम ४ मध्ये वर्णिलेला तो एक समभाग नेसवीकच्या शाळेला कायमचा द्यावा. शाळेला तो विकता, गहाण टाकता किंवा भेट देता येणार नाही. संमती मागायला कंपनीचा माणूस आला, तर त्याला मे महिन्यात बोलवावे, नदीत उतरवावे आणि मुलांसमोर मागायला लावावी.

शेतिलला फोनवर हे वाचून दाखवले.  तो म्हणाला, "आई, बरं केलंस. आता त्यांचा फोन आला की सांगतो, शाळेला विचारा."

वरील सर्व माझ्या इच्छेने आणि माझ्या अकलेने लिहिले आहे. माझ्या पश्चात यात कुणी काना-मात्रा बदलू नये. खाडी सध्या रिकामी आहे, पिल्ले निघाली आहेत, आणि मी जिंकले आहे.

ठिकाण: नेसवीक. दिनांक: ९ मे २०२४.

सही: योरुन हेलेवीक

आम्ही दोघांनी एकाच वेळी, एकमेकांसमक्ष, लिहिणाऱ्या बाईंना सही करताना पाहिले आणि त्यांच्या समोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: हिल्डुर स्टोके, वकील. लिहिणाऱ्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा: हालवार त्व्हेरोस, भाऊ. लिहिणारी पूर्ण शुद्धीत आहे. तिला मी तिच्या जन्मापासून ओळखतो. ती शुद्धीत नव्हती असा एकही दिवस मला सापडला नाही, आणि मी फार शोधला.