देवरीहून परत

२ नोव्हेंबर, रविवार
उद्या बाबांना नागपूरला दादाकडे पाठवायचे. दोन महिने माझ्याकडे, दोन महिने त्याच्याकडे. आई गेल्यापासून असेच. ट्रेन रद्द, म्हणून बस. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत झाली, त्यामुळे बसला ते ‘डबा’ म्हणतात. माझा व दादाचा नंबर लिहून चिठ्ठी त्यांच्या खिशात घातली. म्हणाले, “मी काय पार्सल आहो का?” चिठ्ठी मात्र काढली नाही.

३ नोव्हें., सोम.
सकाळी रायपूरच्या भाठागाव स्टँडवर बसवून दिले. कंडक्टरला दोनदा सांगितले. तो म्हणाला, “हव भैया, बाबूजी हैं, बच्चा थोड़े हैं.”
दुपारी दुकानात फ्लेक्स छापत असताना अनोळखी नंबर. दुसऱ्या बसचा कंडक्टर. वाटेत देवरीच्या ढाब्यावर जाणारी व येणारी, दोन्ही बस जेवायला थांबतात. एकच ट्रॅव्हल्स, एकच रंग. बाबा जेवून दुसऱ्या बसमध्ये बसले. परत रायपूरला येत आहेत. मशीन थांबवायचे राहिले. बॅनर वाया गेला.
संध्याकाळी उतरले. “दोन्ही डबे सारखेच रे.” घरी येऊन पोटभर जेवले व झोपले. मला झोप नाही.
दादा फोनवर भडकला. “आज बस चुकले, उद्या घर चुकतीन. डॉक्टरले दाखवाच लागते.”

४ नोव्हें., मंगळ.
एकच गोष्ट डोक्यात. काल बाबा उतरले तेव्हा एका हातात बॅग होती, काखेत दादाच्या मुलासाठी घेतलेली बॅट. जेवायला उतरणारा माणूस सामान सीटवर ठेवतो. बॅट घेऊन कोणी जेवायला जात नाही. चुकून बसले असते, तर सामान एकटेच नागपूरला गेले असते.
विचारले नाही.

६ नोव्हें., गुरु.
विचारले. बूढापाऱ्यात, तलावाजवळ चहा घेताना.
“तुले काय वाटते?”
“तुम्ही मुद्दाम बसले.”
चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, “तुहा दादा चांगला आहे रे. सूनही चांगली. पन सकाळी सगळे जातात, बाहेरून कुलूप लावतात. काळजीनंच लावतात.”
मी म्हटले, दादाला सांगतो.
“काही सांगू नको. त्याचं मन दुखन. भुललो म्हनून सांगजो.”
“मग तर तो कुलूप लावणारच.”
“लावू दे. तुमी दोघं भाऊ बोलत राहा.”

९ नोव्हें., रवि.
दादाचा फोन. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली. बाबांना नागपूरला मीच घेऊन यायचे. म्हटले, “दादा, एक सांगायचं होतं.” “बोल.” म्हटले, बाबांचे स्वेटर तुझ्याकडेच राहिले आहे, धुऊन ठेव.
सांगितले तर बाबांचा शब्द मोडतो. न सांगितले तर

१३ नोव्हें., गुरु.
दोघे बसने आलो. वाटेत बाबांनी रेल्वे लाइनीची स्टेशने म्हणून दाखवली. डोंगरगढ, बोरतलाव, दरेकसा, सालेकसा, आमगाव. मग उलटी म्हटली. मी मोबाइलवर तपासली. एकही चुकले नाही.
ढाब्यावर मला म्हणाले, “आपला डबा कोनता, पाहून ठेव. तुहा भरोसा नाही.” खूप हसले. मी पण.
दादा स्टॉपवर उभा होता. बाबांच्या पाया पडला, बॅग स्वतः उचलली. त्याच्यावर राग धरता येत नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
डॉक्टरांनी विचारले, “काका, आज वार कोणता?”
बाबांनी दादाकडे पाहिले. मग माझ्याकडे. म्हणाले, “बुधवार.”
महिना विचारला. तोही चुकीचा सांगितला. दादाने त्यांचा हात धरला, त्याचे डोळे भरून आले. डॉक्टर मला म्हणाले, “तुम्हाला काही सांगायचं आहे?” मी नाही म्हटले.
गोळ्या लिहून दिल्या. महिन्याने परत दाखवायचे.
दादा गाडी काढायला गेला. बाकावर आम्ही दोघेच. जवळपास कोणी नाही. हळूच विचारले, “बाबा, वार माहीत होता ना तुम्हाले?”
माझ्याकडे वळले.
“कोनता वार?”