थोरल्याची संमती

॥ श्री ॥

कुंडल, ६ डिसेंबर १९४३

ती. आण्णांस,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

आईचा खोकला, ताप उतरला म्हणून आम्ही निवांत झालो होतो. मग तिच्या पायांना मुंग्या आल्या, पाय लुळे पडले, आता हातही उचलत नाहीत. ओठ मिटत नाहीत. पाजलेलं दूध हनुवटीवरून गळतं. सांगलीहून आणलेले वैद्य म्हणाले, वयाचा लकवा, उपाय नाही. आईला सल्लेखना घ्यायची आहे, अन्न सोडून शांतपणे देह ठेवायचा आहे. जैन मुनिमहाराज गावात आहेत, पण थोरल्या मुलाच्या संमतीशिवाय ते व्रत देणार नाहीत. आई म्हणते, "त्याला लवकर लिही. न्हाईतर तो आधी डायरीत लिहून बघंल." राग मानू नका. तुमचा ताप कसा आहे?

माया आहे तशीच ठेवा.
कस्तुरी

सातारा, ८ डिसेंबर

चि. सौ. कस्तुरीस अनेक आशीर्वाद.

ताप इथंही घरोघरी आहे. मला उठवत नाही, म्हणून येता येत नाही. आईचा टोमणा खरा. डायरीत लिहूनच पाहिलं. नाही म्हणावं, तर ते माझ्यासाठी होईल, तिच्यासाठी नाही. हो म्हणताना सुटल्यासारखं वाटतं, त्याचीही भीती वाटते. तरी माझी संमती आहे. हे पत्र महाराजांना दाखव. माझ्या वतीनं तिच्या पायांवर डोकं ठेव.

शांतिनाथ

सातारा, १० डिसेंबर

चि. सौ. कस्तुरीस आशीर्वाद.

व्रत थांबव. आज मला तपासायला डॉक्टर आले, त्यांना बोलता बोलता आईचं सांगितलं. ते निघाले होते, पुन्हा खाली बसले. म्हणाले, अशा तापामागून कधी कधी नसा सुजतात, पायांपासून वर शक्ती जाते. श्वास टिकला आणि पोटात अन्न जात राहिलं, तर पुष्कळांची परत येते. खात्री देता येत नाही. मी आधी का विचारलं नाही? हो म्हणण्यात मला मोठेपणा वाटला असेल का? ते राहू दे. तारही केली आहे. थेंब थेंब, पण पाजत राहा.

तुझा आण्णा

कुंडल, १३ डिसेंबर

ती. आण्णांस शि. सा. न.

अंगात त्राण असेल तर हे वाचून लगेच निघा.

तार आली तेव्हा आईनं तुमचं पहिलं पत्र माझ्याकडून उराशी ठेववून व्रत घेतलं होतं. मी महाराजांकडे पळाले. ते म्हणाले, रोग बरा होण्यासारखा असेल तर आहार द्या. घ्यायचा का, ते तिचं तिला ठरवू द्या. आज तुमचं दुसरं पत्र आलं, ते तिला वाचून दाखवलं. ती अडखळत म्हणाली, "माझा शांतू मागनं लय इचार करतोय. त्याला बोल लावू नगंस."

मी दुधाचा चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

आण्णा, घट्ट मिटले. परवापर्यंत ते मिटत नव्हते.

कस्तुरी