दोनशे शहाऐंशी सह्या

प्रिय मुंगळ्या,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच ठेवून देतेस, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तू दुसरीत असल्यापासून म्हणतेस. एखादी ओळ लागली नाही तर आईला फोन करून विचार, तिला काल सगळं सांगितलंय. ती ऐकत होती तोवर भाजी करपली. मग तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "आता कळलं पोर फोन का घेत नाही ते." त्यानंतर तिनेही माझ्याशी बोलणं टाकलंय. बावीस वर्षं मैदानावर ओरडून ओरडून घसा बसवलेला माणूस मी, आणि आता घरात माझा आवाज ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

पहिल्यापासून सांगतो, कारण सामन्याच्या त्या दिवसानंतर काय काय झालं यातलं तुला काहीच माहीत नाही. आमच्या कॉलेजच्या मैदानाला सिमेंटच्या आठ पायऱ्या आहेत, तू पाहिल्यासच. हजार माणूस आरामात बसेल. बावीस वर्षांत त्या भरलेल्या मी एकदाच पाहिल्या, तेही आग लागल्याची खोटी घंटा वाजवून सगळ्या कॉलेजला मैदानात आणलं होतं तेव्हा. आमच्या पोरी सराव सोडून माणसांकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. एरवी सामन्याला समोरच्या संघाच्या बसचा ड्रायव्हर तोंडावर पेपर घेऊन झोपलेला असतो, आणि अगदी वरच्या पायरीवर एखादं जोडपं, ज्यांना मैदानाकडे बघायचंच नसतं. गोल झाला की अकरा पोरी ओरडतात आणि त्यांचाच आवाज पायऱ्यांवर आपटून परत येतो. खेळणाऱ्याला ते फार लागतं गं. हरलो तर लागत नाही इतकं.

मी काय काय केलं नाही! वर्गावर्गात जाऊन सांगितलं, तर प्राध्यापक माझ्याकडे दारावर आलेल्या विक्रेत्यासारखे बघायचे. पोस्टर लावले, ते पोरांनी गवतावर बसायला काढून नेले. एका सामन्याला बिस्किटं ठेवली. मध्यंतरात बिस्किटं संपली आणि पोरंही संपली. शेवटी यंदा प्राचार्यांच्या गळी एक कल्पना उतरवली, आणि ती माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही. सामन्याला हजर राहील त्याला वर्षअखेरीस पाच गुण. गेटवर रजिस्टर, सही करा, आत या.

पहिल्या सामन्याला दोनशे चाळीस सह्या झाल्या. पायऱ्यांवर माणसं सात. पाण्याच्या टाकीमागे कुंपणाचा पत्रा वाकलेला होता, तिथून पोरं बाहेर पडायची. गेटने आत, भगदाडाने बाहेर, मधे पन्नास पावलं. एकेक जण आठ-आठ मित्रांच्या सह्या ठोकायचा, एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने. गेटवरच्या काकांनी मला दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, सही आहे ना, मग झालं. आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. कारण तो आकडा अहवालात गेला होता, आणि प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तरी पायऱ्या रिकाम्याच. म्हणून मी तुझ्यामागे लागलो. उपांत्य सामना आहे, एकदा तरी ये, आठवडाभर तुझं डोकं खाल्लं. तू लहानपणापासून कधी आली नाहीस याचा मला राग नव्हता. ज्या घरात बाप जेवतानाही वाटी-चमच्याने बचावफळी मांडून दाखवतो, त्या घरातल्या पोरीला फुटबॉलचा वीट येणारच. पण तू रजा काढलीस, दोन बस बदलून आलीस आणि छत्री उघडून बरोबर माझ्या बाकामागे तिसऱ्या पायरीवर बसलीस. मुंगळ्या, मला किती आनंद झाला होता, हे मी सांगूच शकत नाही. मी पोरींना सांगितलं, आज माझी मुलगी आलीय, आज हरायचं नाही.

त्या दिवशी आम्ही मोजून अकराजणी होतो. एकीचा घोटा मुरगळलेला, एकीची परीक्षा, आणि तिघींनी या वर्षी खेळ सोडलेला, बघायलाच कोणी येत नाही तर खेळायचं कशाला म्हणून. राखीव कोणी नाही. बाकावर मी एकटाच. आणि गोलात आमची ती. पोरी तिला भिंत म्हणतात, मीही म्हणतो. मध्यंतराला सहा मिनिटं असताना समोरच्या पोरीचा गुडघा तिच्या कानावर बसला. ती उठली, आणखी दोन गोल अडवले. मी टाळ्या वाजवल्या आणि मागे वळून तुझ्याकडे पाहिलं. मध्यंतरानंतर ती बॉलकडे झेपावली ती थेट खांबावर, हे तू पाहिलंसच. तिचे बूट हातात घेऊन तू ॲम्ब्युलन्सपर्यंत धावलीस. मी धावलो नाही.

संध्याकाळी प्राचार्यांनी लेखी मागितलं. मी तीन ओळी लिहिल्या. डोक्याला मार लागल्यावर खेळाडूस बाहेर बसण्यास सांगितले. तिने ऐकले नाही. स्वतःच्या हट्टाने पुन्हा मैदानात गेली. तिसऱ्या दिवशी तू फोनवर विचारलंस, बाबा, तुम्ही काय लिहून दिलंत? मी म्हटलं, जे घडलं ते. माझ्या आवाजावरून तुला काय ते कळलं, आणि तू फोन ठेवलास. तो आपला शेवटचा फोन.

मग चौकशी समिती बसली, तीन माणसांची. त्यांनी गेटवरचं रजिस्टर मागवलं. दोनशे शहाऐंशी प्रत्यक्षदर्शी! त्यातली पहिली चाळीस नावं जबाबाला बोलावली. म्हटलं आता सह्यांचं बिंग फुटणार. फुटलं नाही. कसं फुटेल? मी तिथे नव्हतो असं म्हणावं तर गुण जाणार आणि खोट्या सहीचा ठपका बसणार. म्हणून प्रत्येकाने सगळं पाहिलं होतं. माझ्या तीन ओळी एव्हाना कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. एकाने सांगितलं, सरांनी तिचा दंड धरून थांबवलं. एकाने सांगितलं, सरांनी हात जोडले. एक मुलगी तर सांगता सांगता रडली. चाळीसच्या चाळीस माझ्या बाजूने. बावीस वर्षं ज्या गर्दीसाठी मी जिवाचं रान केलं ती गर्दी शेवटी आली, ती अशी. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो. सांगायची लाज वाटते, पण जेवलो.

गेल्या आठवड्यात तिला बघायला गेलो. उजेड सहन होत नाही म्हणून खोलीचे पडदे ओढलेले. वाचायला घेतलं की चौथ्या ओळीला डोकं ठणकतं. बोलताना साधे शब्द सापडत नाहीत, पेल्याला ती "ते पाण्याचं" म्हणाली. उठली की तोल जातो. भिंत आता भिंतीला धरून चालते. हे वाक्य सुचलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण माझी जीभ अशीच आहे, तुला ठाऊक आहे. त्या दिवसातलं तिला काहीही आठवत नाही, सकाळी उठल्यापासूनचं सगळं पुसलं गेलंय. लोक सांगतात तेच तिला माहीत. मी खुर्चीत टेकलो, तर ती शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "सर, मी तुमचं ऐकलं नाही. मला माफ करा." दारातून तिची आई म्हणाली, लहानपणापासून हट्टीच आहे हो, तुम्ही तरी किती सांगणार. आणि माझ्यापुढे चहा ठेवला. तो मी प्यायलो, मुंगळ्या. न पिऊन काय सांगणार होतो त्यांना?

खरं काय घडलं ते तुला माहीत आहे. तुला माहीत आहे हे मलाही त्याच क्षणी कळलं होतं, तेवढं एकदा लिहून टाकतो. मध्यंतरात बाकीच्या दहाजणी पलीकडे नळावर गेल्या होत्या. ती माझ्याजवळ आली, हातमोजे काढले आणि म्हणाली, "सर, मला दोन-दोन बॉल दिसतायत." तिने बाहेर बसायचं म्हटलं नाही, पण मग दुसरं काय सांगायला आली होती ती? मला समजलं होतं. पण गोलात उभं करायला दुसरं कोणी नव्हतं, आपण एका गोलने पुढे होतो, आणि मागे तू बसली होतीस. मला तुझ्यासमोर जिंकायचं होतं. मी म्हटलं, "दोन दिसतायत? मग दोन्ही अडव." ती बिचारी हसली. सरांचा विनोद, हसायलाच हवं. मीही हसलो, आणि तुलाही हसू आलं का ते बघायला मान वर केली. तू छत्री मिटत होतीस. तुझा चेहरा पाहून मला कळलं की हे थांबवायला हवं. शिट्टी व्हायला अजून तीन मिनिटं होती. मी थांबवलं नाही.

तू आलीस म्हणून हे झालं असं चुकूनही मनात आणू नकोस. तू आली नसतीस तर मी दुसरं काही कारण शोधलं असतं.

चहा संपल्यावर, पडदे ओढलेल्या त्या खोलीतच मी तिला खरं सांगितलं. अगदी शब्दन् शब्द. तिने नाही म्हणून मान हलवली. सरांनी तिच्यासाठी खोटं बोलू नये, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मी जबाब बदलण्याचा अर्ज लिहून प्राचार्यांकडे नेला. त्यांनी वाचला, घडी घालून माझ्याच खिशात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, थोडे दिवस रजा घ्या. समितीपुढे गेलो. म्हटलं, त्या पायऱ्यांवर कोणी नव्हतंच. अध्यक्षबाईंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, उपस्थिती तपासली, आणि खाली माझी सही. टाकीमागचा पत्रा कोणीतरी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी ठोकून सरळ केलाय. मग मी त्या चाळीसजणांच्या मागे लागलो. दोघातिघांपुढे खरोखर हात जोडले, जबाबात जोडले होते तसे. एकजण म्हणाला, "सर, आम्ही तुमच्याच बाजूने बोललोय ना?" त्याला खरंच कळत नव्हतं मी का रडतोय ते.

म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी अकरा वाजता समितीची शेवटची बैठक आहे, जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. त्यानंतर निकाल लिहिला जाईल की खेळाडू स्वतःच्या हट्टामुळे जखमी झाली, आणि तो कागद त्या पोरीसोबत जन्मभर राहील. त्या दिवशी पायऱ्यांवर बसून ऐकणारं एकच माणूस होतं. तू ये, मुंगळ्या. मी काय बोललो ते जसंच्या तसं सांग, माझी दया येऊन एकही शब्द गाळू नकोस. पोटची पोर उगाच बापाच्या विरोधात उभी राहणार नाही, हे त्या तिघांनाही पटेल. चाळीसजणांपुढे माझं चालत नाही, तुझं चालेल. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तू मग माझ्याशी बोललीस तर बोल, नाही तर तेही मी समजून घेईन. पण बैठक संपल्यावर लगेच बस पकडू नकोस. ती येणार आहे, आईचा हात धरून, बाहेरच्या बाकावर बसलेली असेल. तिच्याजवळ जा आणि तिला सांग की तू हट्ट केला नव्हतास, तू सांगायला आली होतीस. मी सांगितलं की तिला वाटतं, सर किती मोठ्या मनाचे आहेत. एवढं तिच्या डोक्यातून काढ.

तुझाच,
बाबा