बिनगुणांच्या चिठ्ठीची शिकवणी

देगू

चि. गीह्योकला सनओकताईचा आशीर्वाद. पाठीचं दुखणं कसं आहे? वाढदिवसाला शेवाळाचं सूप पाठवलं नाही म्हणून रुसू नकोस. नोव्हेंबरात माझ्या दाओनची परीक्षा आहे, निसरडं खाल्लं की पोर परीक्षेत घसरते म्हणतात, म्हणून आमच्या घरात सध्या तसलं काही शिजत नाही. (गणिताची शिक्षिका असून मी हे पाळते. हसायचं तेवढं हसून घे.)

आता मुद्द्याचं. क्लासचा मालक झालास, आनंद आहे. पण माझ्या वर्गात नाक कशाला खुपसलंस? तास संपताना मी मुलांना चिठ्ठीवर एक गणित सोडवायला देते. गुण नाहीत, नावही नाही. कुठे अडतंय ते मला परीक्षेआधी कळावं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा शिकवावं, इतकाच हेतू. पहिल्या आठवड्यात पोरं मनापासून चुकली, मला भरून आलं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचं सगळं बरोबर. चौकशी केली, तर तुझ्या क्लासच्या दारावर पाटी: ‘ह्वांग बाईंच्या चिठ्ठीची खास तयारी’. अरे शहाण्या, ताप मोजण्याआधी थर्मामीटर बर्फात बुडवणारा डॉक्टर आहेस तू.

मीही हट्टाला पेटले. गणित नको, ‘काय समजलं नाही’ ते लिहा म्हटलं. तर वर्गभर एकच शंका, एकाच सुबक भाषेत, ‘आदरणीय बाई’पासून सुरू होणारी. (शंकासुद्धा पाठ करून घेतलीस. धन्य आहे तुझी.) युल नावाच्या मुलीला खडसावलं, तर ती म्हणाली, “बाई, खरी शंका लिहिली आणि ती अगदीच बावळट निघाली तर?” तिच्यावर काय रागावणार? राग तुझ्यावर आहे. ही पोरं परीक्षेत अडतील तेव्हा कुठे अडली ते ना तुला ठाऊक असेल, ना मला. वर मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या पाहून भर सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मान वर करवेना.

पाटी उतरव. नाहीतर चुसॉकच्या सणाला आईकडे माझ्यासमोर जेवायला बसू नकोस.

तुझी संतापलेली,
ताई

ता. क. दाओनला तुझ्या क्लासमध्ये घे. ‘कुठे अडतंय?’ विचारलं की मला ‘कुठेच नाही’ म्हणते, दार लावून घेते आणि आत रडते. मामाशी तरी बोलेल. पाटीचं नंतर बघू.

ता. ता. क. तिला ती पाठ केलेली शंका देऊ नकोस. तिची स्वतःची विचार. मला नाही सांगितलीस तरी चालेल.